जुनी वस्तू विकायला किंवा गहाण ठेवायला आली, तर दुकानदाराने काय काय विचारलं पाहिजे?

लोलक:
गेल्या वर्षी माझा कॅमेरा बॅगेसकट चोरीला गेला. सात आठवड्यांनी जुन्या मालाच्या एका दुकानात काचेच्या कपाटात दिसला. पट्ट्याच्या कडीजवळ मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला होता, तो तसाच होता. तळावरचा नंबराचा स्टिकर मात्र नखाने किंवा ब्लेडने खरवडून काढलेला, गोंदाचा चिकटा अजून हाताला लागत होता.

आता नेलपॉलिशचा ठिपका म्हणजे काही पुरावा नाही. पण बऱ्याच कॅमेऱ्यांत प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये कॅमेऱ्याचा सीरियल नंबर आपोआप लिहिला जातो. माझे जुने फोटो घरी होतेच, दुकानात त्याच कॅमेऱ्याने एक नवा काढला, दोन्हीतला नंबर एकच निघाला. पुढे जप्ती, अर्ज, कोर्टाचा हुकूम असं करत काही महिन्यांनी कॅमेरा हातात आला.

दुकानदार वाईट माणूस नव्हता हो. साधा मुलगा वाटला, बिल हरवलंय म्हणाला, रोख दिले आणि घेतला, एवढंच त्याचं म्हणणं. ना नाव ना पत्ता. म्हणजे माझी वस्तू मला मिळाली, त्याचे पैसे बुडाले, आणि ज्याने चोरलं तो पुढच्या बॅगेकडे गेला.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. जुना माल घेणाऱ्या आणि गहाण घेणाऱ्या दुकानांना स्थानिक पातळीवर परवाना असावा, ओळखपत्र बघावं, फोटो-अंगठ्यासकट नोंद ठेवून ती रोज पोलिसांना कळवावी आणि घेतलेली वस्तू काही दिवस विकायला काढू नये, असे नियम कितपत उपयोगी पडतात? ज्यांनी काउंटरच्या अलीकडून किंवा पलीकडून हे पाहिलंय त्यांनी लिहा.

अबोली_१२:
वाचतेय. माझी सायकल गेली ती गेलीच. फ्रेमखाली नंबर असतो हे सायकल गेल्यावर कळलं.

खटपट्या:
मी काउंटरच्या पलीकडचा. जुने फोन, लॅपटॉप घेतो, दुरुस्त करतो, विकतो. ताई तुमचं झालं ते वाईटच, पण नियम लिहिणाऱ्याने एक दिवस माझ्या जागी बसावं असं मला मनापासून वाटतं.

ओळखपत्राला माझी ना नाही, मी घेतोच. माझं दुखणं आहे ते थांबवून ठेवण्याच्या मुदतीचं. फोन काय पितळेचा तांब्या आहे का? नवीन मॉडेल आलं की जुन्याचा भाव खाली येतो, बॅटरी पडून पडून उतरते, आणि माझं भांडवल कपाटात अडकून बसतं. वीस फोन महिनाभर नुसते ठेवायचे तर एकविसावा घ्यायला पैसे आणू कुठून? मोठ्या साखळी दुकानाला ते जमतं, आम्ही मरतो.

आणि चोरीचा माल ओळखायचे आमचे मार्ग असतात. फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबायचं, पंधरा आकडी आयएमईआय (फोनचा ओळख नंबर) येतो, तो सिमच्या ट्रेवरच्या किंवा पाठीवरच्या नंबराशी, खोका असेल तर खोक्याशी ताडून बघायचा. स्क्रूची डोकी खाल्लेली असतील तर फोन उघडलेला आहे. आणि शेवटचं म्हणजे, माझ्यासमोर अकाउंटमधून बाहेर पड म्हणायचं. खरा मालक पासवर्ड टाकतो, दुसरा म्हणतो 'भावाचा आहे, विचारून येतो' आणि परत येत नाही. आयफोनला हे कुलूप २०१३ पासून आहे, नंतर बाकीच्यांनीही आणलं. चोरीला जेवढा आळा या कुलपाने बसला तेवढा कुठल्याही वहीने बसला नसेल.

अबोली_१२:
खटपट्यादादा, कुलूप फोनला आहे. सायकलला पासवर्ड कुठला टाकायचा?

खटपट्या:
@अबोली, मान्य. त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

पोथीवाला:
हा प्रश्न किती जुना आहे ते सांगतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चौथ्या अधिकरणात (म्हणजे भागात) 'पुराणभाण्ड' असा शब्दच आहे, म्हणजे जुनी, वापरलेली वस्तू. बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थाध्यक्षाने जुन्या वस्तूंचं 'आधान' (म्हणजे गहाण) किंवा विक्री तेव्हाच होऊ द्यायची, जेव्हा आणणाऱ्याची मालकी शुद्ध ठरेल. गहाण आणि जुना माल एकाच वाक्यात, एकाच अधिकाऱ्याकडे! लोलक यांनी हे दोन धंदे एकत्र का घेतले असं कुणी विचारलं तर हे दाखवा.

त्याच अधिकरणात पुढे आहे की हरवलेली किंवा चोरलेली वस्तू सापडत नसेल तर त्या प्रकारच्या मालाचा व्यापार करणाऱ्यांना कळवावं, आणि कळल्यावरही ती वस्तू हाती येऊन ज्याने लपवली तो चोराचा साथीदार. म्हणजे कळवण्याची साखळी दोन्हीकडून आहे, दुकानदाराने फक्त वर कळवायचं असं नाही, त्यालाही खाली कळवलं गेलं पाहिजे.

याज्ञवल्क्यस्मृतीत तर खरेदीदाराने कशावरून शंका घ्यायला हवी होती ते सांगितलंय: जो ती वस्तू बाळगण्याइतका ऐपतदार नाही त्याच्याकडून, एकांतात, फार कमी किमतीला, अवेळी घेतलं तर घेणारा चोर. बिल नव्हतं त्या काळी, खुणा मात्र याच होत्या.

लोलक:
पोथीवाला काका, हे माहीतच नव्हतं. 'त्यालाही खाली कळवलं गेलं पाहिजे' हे पटलं. मी तक्रार दिली त्या दिवशी माझ्याकडे कॅमेऱ्याचा नंबर होता, तो त्या दुकानदारापर्यंत पोचायची वाटच नव्हती.

कलम_कागद:
वकिली करते म्हणून थोडं लांबण लावते.

मूळ तत्त्व असं की जे आपलं नाही ते आपण दुसऱ्याला देऊ शकत नाही. चोराकडे मालकी नव्हती, म्हणून दुकानदाराकडे आली नाही, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्याकडेही जात नाही, मग त्याने कितीही प्रामाणिकपणे पैसे मोजलेले असोत. भारतात वस्तुविक्री कायदा १९३० च्या कलम २७ मध्ये हे आहे, थोडे अपवाद सोडून. गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये याला एक जुनाट अपवाद होता. ठरलेल्या खुल्या बाजारात, सूर्योदय ते सूर्यास्ताच्या दरम्यान, उघडउघड आणि चांगल्या हेतूने विकत घेतलं तर चोरीची वस्तूसुद्धा घेणाऱ्याचीच. कल्पना अशी की मालकाने बाजारात येऊन शोधायला हवी होती. हा अपवाद काढून टाकणारा कायदा १९९४ साली झाला! पोथीवाला काकांचं 'एकांतात, अवेळी' आणि हे 'उजेडात, खुल्या बाजारात' एकाच नाण्याच्या बाजू आहेत.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. जुनी वस्तू विकणं आणि गहाण ठेवणं यांची सरमिसळ झाली की गहाण ठेवणाऱ्याचे हक्क बाजूला पडतात. गहाण वस्तू त्याचीच असते, फक्त ताबा दुसऱ्याकडे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७६: मुदतीत पैसे आले नाहीत तर गहाण घेणाऱ्याला वस्तू विकता येते, पण आधी वाजवी नोटीस देऊन. विकून जास्त आले तर वरची रक्कम गहाण ठेवणाऱ्याची, कमी आले तर उरलेलं तो देणं लागतो. कलम १७७ नुसार प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत, मुदत टळल्यावरही, उशिराने झालेला खर्च भरून तो वस्तू सोडवू शकतो. किती जणांना हे माहीत असतं? लोक समजतात तारीख गेली म्हणजे गेलं.

तेव्हा स्थानिक नियम करायचा तर त्यात चोर पकडायची कलमं जेवढी, तेवढीच गरजवंताची हवीत. पावतीवर तारीख, दर, वजन, आणि विक्रीनंतरचा हिशोब.

दूरदेशी:
कलमताईंना जोड. मी राहतो तिथे, म्हणजे ब्रिटनमध्ये, १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यात गहाण सोडवायला किमान सहा महिने आहेत. सिंगापूरलाही किमान सहा महिने आणि व्याजावर महिना दीड टक्क्याची मर्यादा. हाँगकाँगला मुदत चार चांद्रमास, म्हणजे अजून तिथीने चालतं.

आणि खटपट्या, रोखीबद्दल एक सांगतो. इथे तांब्याचा भाव चढला तशी रेल्वेच्या केबली आणि चर्चच्या छपरांवरचं शिसं चोरीला जायला लागलं. नुसत्या तपासाने भागेना, तेव्हा भंगारवाल्यांवर नियम आणले. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१३ चा कायदा आहे. परवाना स्थानिक कौन्सिल देतं, ओळख पटवल्याशिवाय माल घ्यायचा नाही, नोंदी तीन वर्षं ठेवायच्या, आणि भंगाराचे पैसे रोख द्यायचेच नाहीत, चेक किंवा खात्यात. रोख नाही म्हटल्यावर खोटं नाव सांगून फायदा काय? पैसे खऱ्या खात्यातच जाणार.

खटपट्या:
@दूरदेशी, हे मला चालेल. महिनाभर माल अडवण्यापेक्षा पैसे खात्यात टाकणं शंभर पटीने बरं.

मनमोकळी:
एक मिनिट. माझी बाजू ऐका, मग ठरवा.

नवऱ्याच्या आजारपणात मी बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. दोनदा. दोन्ही वेळा सोडवल्या. त्या दुकानाच्या पायऱ्या चढताना ओळखीचं कुणी दिसू नये म्हणून मी दुपारी, रस्ता रिकामा असताना जायची. आत बाई असेल तर बरं वाटायचं. बांगड्या हातातून साबण लावून काढाव्या लागल्या होत्या, मनगट लाल झालेलं, आणि काट्यावर ठेवल्यावर तो माणूस आकड्याकडे बघत होता नि मी मनगटाकडे.

आता तुम्ही म्हणताय फोटो घ्या, अंगठा घ्या, सगळं रोजच्या रोज पोलिसांकडे पाठवा. माझ्यासारख्या शंभर बायका गेल्या तर त्यातल्या किती चोर असतील? ज्यांच्या घरात पैसा आहे त्यांचं कर्ज बँकेच्या फाइलीत झाकलेलं राहतं, आणि आमचं अडीनडीचं नाव मात्र पोलिसांच्या यादीत. चोर सापडावा असं मलाही वाटतं, लोलक. पण गरजेपोटी आलेल्या बाईला संशयितासारखं उभं करू नका एवढंच.

अबोली_१२:
मनमोकळीताई, फार नेमकं लिहिलंत.

तात्पर्यराव:
पण ज्याने काही केलं नाही त्याला नोंदीचं भय कशाला? बँकेत खातं उघडताना देतोच की आपण फोटो.

मनमोकळी:
@तात्पर्यराव, बँकेत दिलेला फोटो बँकेत राहतो, रोज संध्याकाळी ठाण्यात जात नाही. भय नाही वाटत. लाज वाटते. दोन्हीत फरक आहे.

कलम_कागद:
मनमोकळी म्हणतात तो प्रश्न अमेरिकेत कोर्टात गेला आहे, जरा वेगळ्या धंद्याबाबत. लॉस एंजेलिसमध्ये नियम होता की पोलीस मागतील तेव्हा हॉटेलवाल्याने पाहुण्यांची नोंदवही जागेवर दाखवायची, नाही तर गुन्हा. २०१५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा नियम घटनाबाह्य ठरवला. दाखवायला नकार देणाऱ्याला दंड होण्याआधी तटस्थ अधिकाऱ्यापुढे दाद मागायची संधी हवी, असं म्हणून. उलट १९८७ साली त्याच न्यायालयाने मोटारी सुट्या करून विकणाऱ्या भंगारखान्याची वॉरंटशिवाय तपासणी वैध धरली होती, कारण त्या धंद्यावर आधीपासूनच कडक नियंत्रण होतं. म्हणजे नोंद ठेवायला लावणं एक, आणि ती कुणी, कधी, कशासाठी उघडायची हे दुसरं. दुसऱ्याबद्दल नियमात अवाक्षर नसलं तर तो नियम अर्धवट आहे.

जुनाजाणता:
मी पोलीस खात्यात नोकरी केली, आता निवृत्त. दोन्ही बाजू वाचल्या. एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

वह्या मी पाहिल्यात. दुकानदाराने प्रामाणिकपणे ठेवलेल्या, तारीखवार, सही-अंगठ्यासकट. आणि आत काय लिहिलेलं? 'पिवळ्या धातूची अंगठी, नग १.' 'काळा मोबाइल, नग १.' 'कॅमेरा, चालू स्थितीत.' आता सांगा, लोलक ताईंचा कॅमेरा या ओळीवरून मी कसा शोधू? पानंच्या पानं बोट फिरवत वाचायची, डोळे शिणायचे आणि शेवटी काहीच हाती नाही. चोरीची तक्रार घेतानाही तेच, 'सोन्याची चेन एक' एवढंच लिहून घेतलेलं. दोन्हीकडे आंधळं लिहिलं तर गाठ पडणार कशी?

वही माणसाबद्दल भरभरून बोलते आणि वस्तूबद्दल मुकी असते. माझ्या मते उलटं पाहिजे. मनमोकळी बाईंचं नाव, पत्ता, अंगठा दुकानातच बंद राहू द्या. बाहेर कळवायचं ते फक्त वस्तूचं वर्णन. नंबर असेल तर पूर्ण नंबर. दागिना असेल तर मिलिग्रॅमपर्यंत वजन, खड्यांची संख्या, आतल्या बाजूला काही कोरलंय का, आणि फोटो. चोरीच्या यादीतल्या एखाद्या वस्तूशी ते जुळलं, तरच त्या एका नोंदीचं नाव लेखी मागायचं. बाकीच्या नव्याण्णव जणांचं कुणाला काही कळायचं कारण नाही.

मनमोकळी:
हे असं असेल तर माझी हरकत नाही काका.

पोथीवाला:
जुनाजाणता, +१. लाखातली गोष्ट.

सोनपारखी:
दागिन्यांबद्दल थोडं, आमचा पिढीजात व्यवसाय आहे. फोन निदान फोनच राहतो. सोनं वितळलं की त्याची ओळख संपली. मूस तापली की मंगळसूत्र, अंगठी, नाणं सगळ्याचा एकच गोळा. भारतात हॉलमार्कच्या दागिन्यावर आता सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी (प्रत्येक नगाचा वेगळा ओळख क्रमांक) असतो, १ एप्रिल २०२३ पासून दुकानात नवा हॉलमार्कचा दागिना त्याशिवाय विकता येत नाही, तो भिंगाखाली वाचून लिहून ठेवला तर एकेक नग ओळखता येतो. पण वितळेपर्यंतच. जुन्या घरगुती दागिन्यांवर तर तोही नसतो. म्हणून माझं मत खटपट्यांच्या उलट आहे. सोन्याला थांबवून ठेवायची मुदत पाहिजेच, कारण फोन विकला गेला तरी माग काढून सापडू शकतो, दागिना मुशीत गेला की गेला. आणि सोनं चार आठवडे पडून राहिलं म्हणून जुनं होत नाही, भाव वरखाली होईल तेवढंच.

तात्पर्यराव:
अवांतर: नकली कसं ओळखता? कसोटीवर कळतं का?

सोनपारखी:
कसोटीच्या दगडावर कस उमटतो तो वरच्या थराचा. आत दुसरं काही भरलं असेल तर दगड काय सांगणार? टंगस्टनची घनता सोन्याच्या अगदी जवळ, १९.२५ आणि १९.३, त्यामुळे पाण्यात वजन करूनही फसायला होतं. एक्स-रेच्या मशीनलाही पृष्ठभागच दिसतो. शंका आली तर खात्रीचा उपाय म्हणजे कापून बघणं, आणि गहाण आलेला दागिना कापता येत नाही, तो आपला नव्हे.

दूरदेशी:
अवांतर वाढवतो. फ्रान्समध्ये गहाणखान्याला लोक 'मावशी' म्हणतात (किंवा आत्या, त्यांच्याकडे दोघींना एकच शब्द). एका राजपुत्राने घड्याळ गहाण टाकलं आणि घरी विचारल्यावर 'मावशीकडे विसरलो' म्हणून सांगितलं, अशी आख्यायिका आहे. इंग्रजीत त्यालाच 'काका' म्हणतात. अडीअडचणीला नातेवाईकच आठवतात सगळीकडे!

पण त्यामागचा इतिहास कामाचा आहे. इटलीत पेरुजियाला १४६२ मध्ये फ्रान्सिस्कन साधूंनी गरिबांना सावकाराच्या तावडीतून सोडवायला गहाणावर अल्प व्याजाने कर्ज देणारी संस्था काढली. पॅरिसला १६३७ मध्ये तशीच निघाली, आजची तिथली गहाणपेढी नगरपालिकेची आहे. वस्तू लिलावात गेली आणि कर्ज-खर्च वजा जाता पैसे उरले तर ते कर्जदाराला मिळतात, त्या रकमेला 'बोनी' असं नावच आहे. म्हणजे स्थानिक संस्थेने फक्त परवाने द्यावेत असं नाही, स्वतः पेढीही चालवता येते.

कलम_कागद:
त्या वरच्या रकमेला लोकांच्या तोंडी नाव आहे हेच किती चांगलं. आपल्याकडे त्याला शब्द नाही म्हणून कुणी मागत नाही.

पोथीवाला:
जाता जाता एक. याज्ञवल्क्यस्मृतीत नुसतं राखायला दिलेलं गहाण (गोप्याधि) घेणाऱ्याने वापरलं तर व्याज मिळत नाही असं आहे. गहाण ठेवलेली सायकल दुकानदाराचा मुलगा फिरवत असेल तर व्याज माफ!

अबोली_१२:
माझी सायकल कुणी फिरवत असेल तर निदान तेल तरी घालत असू दे.

लोलक:
सगळं दोनदा वाचलं. मी सुरुवात केली तेव्हा माझ्या डोक्यात फक्त माझा कॅमेरा होता आणि सरसकट सगळ्याला महिनाभर थांबवा असंच मी म्हटलं असतं. आता तसं वाटत नाही. खटपट्यादादा, फोन-लॅपटॉपसारख्या नंबर असलेल्या वस्तूला, घेतानाच चोरीच्या यादीत नंबर बघायची सोय असेल आणि पैसे खात्यात जात असतील, तर दोन-चार दिवस पुरेत का? आणि सोनपारखी म्हणतात तसं, वितळणाऱ्या वस्तूला लांब मुदत. मनमोकळीताईंची नावाची अट मला मोडवत नाही. गहाणाची पावती, नोटीस आणि वरची रक्कम हे कलमताईंचं सगळं.

एक मात्र अजून सुटत नाही. माझ्या दुकानदाराचे पैसे गेले. नियम पाळूनही एखाद्याच्या गळ्यात चोरीचा माल पडला तर त्याने काय करायचं?

कलम_कागद:
विकणाऱ्यावर वसुलीचा दावा. विकणारा सापडला तर. म्हणूनच ओळख पटवणं हे दुकानदारासाठीच जास्त गरजेचं आहे, आणि पैसे खात्यातून गेले असतील तर तोच त्याचा पुरावा. चोरीचा माल जाणूनबुजून घेतला नाही हे दाखवायलाही तीच नोंद कामी येते. वही त्याच्या बाजूने साक्ष देते, हे दुकानदारांना कुणी समजावून सांगत नाही.

खटपट्या:
लोलकताई, दोन-चार दिवस चालतील. आठवडाही चालेल, पण यादी माझ्या फोनवर तेव्हाच्या तेव्हा दिसली पाहिजे, तक्रार देऊन महिन्याने नंबर चढत असेल तर मी थांबून उपयोग काय.

काल जुनाजाणता काकांचं वाचून माझी वही काढली. खरंच 'काळा मोबाइल, नग १' लिहिलंय, माझ्याच अक्षरात, पानभर. रात्री दुकान बंद केल्यावर कपाटातला सगळा माल टेबलावर मांडला आणि एकेकाचा नंबर लिहायला घेतला, बायको वाचत गेली, मी लिहीत गेलो. तीन लॅपटॉपांपैकी एकाच्या खालचा स्टिकर नाही. आधी वाटलं झिजून गेला असेल. हात लावून बघितला तर चिकटा लागतोय.

तो वेगळा काढून ठेवलाय. आतून नंबर मिळतो, सुरू करून लिहून घेतला. सकाळी घेऊन जातो ठाण्यात.

जुनाजाणता:
जा. जमा केल्याची पोच घ्या, आणि पोचेवर तो नंबर पूर्ण लिहिलाय का ते तिथेच बघा.